बेचाळीस वजा सतरा

कुकडीच्या कालव्याला पाणी आलं तशी श्रीगोंदा तालुक्यातली शेतकरी कुटुंबं गावठाणातून रानात सरकली. ऊस, लिंबाची बाग, दोन गाई, विहिरीजवळ घर. चार भावांची चार घरं झाली की भावकीच्या आडनावाने वस्ती ओळखली जाऊ लागते. मग वस्तीवरची पोरं गावातल्या शाळेत कशी जाणार, हा प्रश्न येतो. २००० च्या सुमाराला सरकारने वस्तीशाळा योजना आणली, तेव्हा अशा ठिकाणी निमशिक्षक नेमून शाळा सुरू झाल्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या. आज नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्ह्याच्या, दक्षिण भागात कुठल्याही आडवाटेला वळलं की अमुक वस्ती किंवा तमुक मळा अशी पाटी लावलेली जिल्हा परिषदेची शाळा दिसते. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, कडेला पोषण आहाराची खोली. पहिली ते चौथीचे वर्ग आणि दोन शिक्षक. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी.

हे दोन शिक्षक कायद्यातून येतात. पट ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, असं २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने लहान शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विषय काढला, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची आकडेवारी पुढे आली होती. शाळा १४,७८३, मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. त्या वेळी शाळा बंद करायच्या की ठेवायच्या यावर रान उठलं आणि ते उठायलाच हवं होतं. पण या आकड्यांचा भागाकार कुणी फारसा केला नाही. दर शाळेमागे शिक्षक दोन. म्हणजे जवळजवळ तीस हजार माणसांना कामाच्या ठिकाणी सहकारी म्हणून एकच माणूस मिळतो. तो रजेवर गेला, मतदार यादीच्या कामाला गेला, पंचायत समितीत टपाल द्यायला गेला, की सहकारी शून्य आणि चार वर्ग एकाच्या गळ्यात.

शिक्षकांनी एकमेकांच्या साथीने आपला धंदा शिकत राहावं, यावर जगभर जे लिहिलं गेलं आहे ते बहुतेक मोठ्या शाळा डोळ्यांपुढे ठेवून. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात शाळेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली. प्रत्येक शिक्षक आपापल्या कप्प्यात, शेजारच्याला धक्का न लावता. ही उपमा पुढे खूप गाजली. श्रीगोंद्यात मात्र दोन कप्प्यांच्या मध्ये चार किलोमीटर ऊस आहे.

मग इथल्या प्राथमिक शिक्षकाची स्टाफरूम कुठे असते? माझ्या मते ती शाळेबाहेर असते आणि चांगली गजबजलेली असते. सकाळी दौंड, काष्टी, श्रीगोंदा किंवा नगरहून चौघं-पाचजण वर्गणी काढून एका गाडीने निघतात, ती गाडी म्हणजे एक स्टाफरूम. (मुख्यालयी राहण्याचा आणि घरभाडे भत्त्याचा वाद इथे उघडत नाही. तो ग्रामसभेच्या ठरावांत पुरेसा उघडलेला आहे.) महिन्यातून एकदा केंद्रशाळेत भरणारी शिक्षण परिषद ही दुसरी. मोबाइलवरचे पाच-सात गट ही तिसरी. आणि शिक्षक बँक ही चौथी. या चारही ठिकाणी बोलणं तुडुंब चालतं. तिसरीच्या पोरांना आज वजाबाकी का जमली नाही, हे मात्र त्यात क्वचित निघतं.

आधी बँकेचं पाहू, कारण नगर जिल्ह्यातल्या गुरुजींना संघटन जमत नाही असं म्हणणाऱ्याने ती पाहिलेली नसते. अहमदनगर जिल्हा प्राथमिक शिक्षक सहकारी बँक १९१९ ची. म्हणजे रयत शिक्षण संस्था निघाली त्याच वर्षीची. जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत तिचे सभासद आहेत आणि गुरुमाऊली, गुरुकुल अशी मंडळं तिच्या निवडणुका एखाद्या साखर कारखान्याच्या तोडीने लढवतात. सर्वसाधारण सभेच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र जिल्ह्यात आवर्जून वाचलं जातं. यावर नाक मुरडणारे बरेच आहेत. पण विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकाला मत नाही, घटनेच्या १७१ व्या कलमाने ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच दिलं आहे, हेही लक्षात ठेवावं. ज्यांना तिथे दार बंद, त्यांनी आपलं राजकारण बँकेत केलं.

मला या बँकेतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते, ती म्हणजे जामीन. एका शिक्षकाला घरासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी कर्ज हवं असलं की दुसरे शिक्षक जामीनदार म्हणून सही करतात. हप्ता थकला तर आपल्या पगारातून कापला जाईल हे माहीत असूनही करतात. लाखो रुपयांची जोखीम एका शब्दावर घेणारी ही माणसं. हाच सही करणारा माणूस, ‘उद्या मी तुझ्या वर्गात मागे बसून तुझा गणिताचा तास बघू का?’ असं विचारायला दहा वेळा बिचकेल आणि समोरचा विचारेल, ‘का हो, काही तक्रार आली का?’ वर्गात दुसरं मोठं माणूस येतं ते तपासायलाच, ही समजूत शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीच्या काळापासून हाडात मुरली आहे. दिपोटी गेले, विस्तार अधिकारी आले, शेरेबुक तेच राहिलं.

ही भीती घालवण्यासाठीच खरं तर केंद्राची कल्पना निघाली होती. तिचं मूळ कोठारी आयोगात सापडतं. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात खेड्याच्या शिक्षणाचे प्रयोग केलेले. १९६६ च्या अहवालात त्यांनी ‘शाळा संकुल’ सुचवलं. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच-दहा मैलांच्या परिसरातल्या प्राथमिक शाळा यांनी एक कुटुंब म्हणून काम करावं, प्रयोगशाळा, ग्रंथालय, चांगले शिक्षक वाटून घ्यावेत, एकट्या पडलेल्या खेड्यातल्या शिक्षकाला सोबत मिळावी. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातही ती कल्पना राहिली. महाराष्ट्रात १९९४ पासून केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. राज्यात ४,८६० केंद्रं. आसपासच्या दहा-पंधरा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, आणि त्याचं काम तपासणीपेक्षा मार्गदर्शनाचं असावं असा मूळ हेतू.

कागदावर याहून चांगली रचना सुचवणं कठीण आहे. वस्तीवरच्या दोघा शिक्षकांना पंचवीस-तीस सहकारी मिळतात, तेही त्याच मातीतली, त्याच बोलीची मुलं शिकवणारे. एरवी जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे संगमनेरला. क्षेत्रफळाने राज्यातल्या सगळ्यांत मोठ्या जिल्ह्याच्या त्या टोकाला. श्रीगोंद्याहून ती शंभरावर किलोमीटर पडते. त्यामुळे केंद्र हेच खरं हाताशी असलेलं ठिकाण.

प्रत्यक्षात परिषदेचा दिवस कसा जातो, हे राज्यातला कुठलाही प्राथमिक शिक्षक झोपेतही सांगेल. यजमान शाळेच्या बाईंनी आदल्या दिवशीच फलकलेखन करून ठेवलेलं असतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, गुलाबपुष्प. कुणी निवृत्त झालं असेल, कुणाच्या मुलाला मेडिकलला नंबर लागला असेल, तर सत्कार. मग साहेब बोलायला उठतात आणि वहीतली यादी निघते. युडायसची माहिती अपूर्ण असलेल्या शाळा. पोषण आहाराच्या ॲपवर रोजची नोंद न करणारे. आधार न जुळलेले विद्यार्थी. चाचणीचे गुण भरण्याची शेवटची तारीख. ‘आजच्या आज लिंक भरून टाका, वरून फोन येतोय.’ समोर माना हलतात, मोबाइल बाहेर निघतात, काही लोक तिथेच लिंक भरू लागतात. एखादा नमुना पाठ ठेवलेला असतो. तो घेणारे गुरुजी तयारीचे, साहित्य रंगीत, निवडक हुशार मुलं पुढे बसवलेली. पाठ संपतो, टाळ्या होतात, आभार होतात. जेवण चांगलं असतं. नंतर बरेच जण बँकेच्या किंवा बदल्यांच्या गोष्टी करत झाडाखाली उभे राहतात, आणि दिवसातलं सगळ्यांत मनापासूनचं बोलणं तिथे होतं.

कॅनडात काम केलेले अँडी हार्ग्रीव्ह्ज यांनी १९९० च्या दशकात अशा बैठकांचा बारकाईने अभ्यास केला. वरून ठरवलेलं, सक्तीचं, ठराविक जागी ठराविक वेळी भरणारं, आणि वरच्यांचे निर्णय खाली उतरवण्यासाठी वापरलं जाणारं सहकार्य त्यांनी खऱ्या सहकार्यापासून वेगळं काढलं. बेतलेलं सहकार्य म्हणू त्याला. त्यांचं म्हणणं असं की अशा बैठका नुसत्या निरुपयोगी राहत नाहीत, शिक्षकांना एकत्र येण्याचाच कंटाळा आणतात. आपल्याकडे तसं झालं आहे. ‘परिषद आहे’ म्हटल्यावर उसासा निघतो तो प्रवासाचा नसतो.

आणि हा दोष केंद्रप्रमुखांच्या माथी मारणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. मुळात जागाच भरलेल्या नाहीत. २०२३ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने केंद्रप्रमुखांच्या २,३८४ पदांसाठी परीक्षेची जाहिरात काढली. एकूण पदांच्या निम्म्याच्या जवळपास. ती परीक्षा पुढे रखडत राहिली. तोवर एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा पदभार, किंवा एखाद्या मुख्याध्यापकाकडे स्वतःचा वर्ग सांभाळून प्रभारी काम. तीस-चाळीस शाळांची माहिती वर पोचवायची तर तो माणूस वर्गात जाऊन बसणार कधी?

झाडाखाली ज्यावर बोललं जात नाही, ते नेमकं काय, हे एका उदाहरणाने बघू.

तिसरीचं मूल पाटीवर ४२ वजा १७ असं मांडतं आणि उत्तर लिहितं ३५. हे उत्तर राज्यात रोज हजारो पाट्यांवर येत असेल. गुरुजी लाल फुली मारतात, ‘हातचा घेतला नाहीस’ म्हणतात आणि पुन्हा करून दाखवतात. मूल त्या दिवशी बरोबर करतं. पंधरा दिवसांनी पुन्हा ३५.

आता हे मूल धांदरट आहे का? त्याने एककात सातातून दोन वजा केले, पाच लिहिले. दशकात चारातून एक, तीन. काम अगदी नियमाने केलं. नियम कुठला, तर मोठ्यातून लहान काढायचं. हा नियम त्याला कुणी शिकवला? बहुधा पहिली-दुसरीच्या वर्गात, ‘लहानातून मोठी संख्या जात नाही’ हे वाक्य ऐकून ऐकून त्याने स्वतः बसवला. म्हणजे तिसरीतल्या फुलीचं कारण शेजारच्या खोलीत आहे. आणि ती खोली चालवणाऱ्या बाई त्या शाळेतल्या एकमेव सहकारी आहेत.

समजा ही एकच पाटी परिषदेत ठेवली. वीस मिनिटांसाठी, साहेबांची वही उघडण्याआधी. मग कुणी सांगेल, मी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधतो. चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या, त्यातून सतरा द्यायच्या. मूल आपण होऊन एक गठ्ठा सोडतं, बारा सुट्ट्या होतात. दुसऱ्या बाई म्हणतील, काड्यांनी माझ्याही पोरांना येतं, पण पाटीवर गेली की परत ३५, कारण गठ्ठा सोडणं आणि चाराचे तीन करणं या एकाच गोष्टी आहेत हे त्यांना दिसत नाही. मी काड्या आणि पाटी शेजारी ठेवते, इकडे गठ्ठा सुटला की तिकडे खूण. बाजाराच्या गावातले कुणी म्हणतील, माझी पोरं उभी वजाबाकी चुकतात, पण दुकानात बसवलं की बरोबर करतात. सतराचे वीस करायला तीन, वीसचे बेचाळीस करायला बावीस, पंचवीस परत. तिला सुट्टे पैसे परत देण्याची रीत म्हणा, गणित पक्कं आहे. आणि एखादे जुने गुरुजी हळूच सांगतील की माझ्याकडे गोंधळ त्याच्याही आधी आहे, बेचाळीस ऐकून निम्मी मुलं चोवीस लिहितात, कारण मराठीत आपण आधी दोन म्हणतो आणि मग चाळीस.

यातला हा शेवटचा मुद्दा एकदा राज्यभर पेटला होता. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. विधिमंडळात विनोद झाले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या, मराठी भाषा बुडाली असंही म्हणून झालं. कुठली मुलं कुठली संख्या उलटी लिहितात, किती दिवस लिहितात, कशाने ती चूक जाते, हे ज्यांना रोज दिसतं त्यांच्या वह्या त्या वादात कुणी मागितल्या नाहीत. वाईट म्हणजे त्यांनीही त्या पुढे केल्या नाहीत, कारण तशा वह्या ठेवण्याची, एकमेकांना दाखवण्याची रीतच पडलेली नव्हती.

जपानमध्ये ती रीत शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. त्यांच्याकडे ‘जुग्यो केनक्यू’ म्हणून पद्धत आहे. चार-सहा शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात. पाहतात ते मुलांना. कुठे अडली, काय खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं. नंतरची चर्चा पाठावर होते, शिकवणाऱ्यावर नाही, कारण पाठ सगळ्यांचा असतो. १९९९ मध्ये स्टिग्लर आणि हीबर्ट यांनी ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकातून ही पद्धत अमेरिकेला सांगितली आणि तिथून ती जगभर गेली. आपल्या नमुना पाठाशी ती दुरून सारखी दिसते. फरक मोठा आहे. नमुना पाठ चुकू नये म्हणून बसवलेला असतो. जपानी पाठात मुलं चुकली तरच बघायला काही मिळतं.

याआधी, १९८२ मध्ये, ज्युडिथ वॉरेन लिटल यांनी सहा अमेरिकन शाळांत राहून एक साधा प्रश्न विचारला होता, चांगल्या चालणाऱ्या शाळांत शिक्षक एकमेकांशी काय करतात? त्यांना आढळलं की तिथले शिक्षक शिकवण्यावर वारंवार आणि अधिकाधिक नेमकं बोलतात, एकमेकांचे तास पाहतात, साहित्य मिळून करतात आणि जे आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवतात. यात महागडं असं काही नाही. आपल्या केंद्रात साहित्य मिळून होतं, त्याच्या स्पर्धाही होतात. नेमकं बोलणं आणि तास पाहणं, तिथे गाडी अडते.

महाराष्ट्रात ही अडलेली गाडी एकदा सुटलेली आपण पाहिली आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या चाळीसेक शाळांच्या शिक्षकांनी २०१२ च्या सुमारास एकत्र वाचायला, एकमेकांच्या शाळांत जायला, मुलं कशी शिकतात यावर वाद घालायला सुरुवात केली. तपासणी अधिकारीच जमिनीवर मुलांजवळ बसू लागल्यावर शिक्षकांची भीड गेली. पुढे तिथल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येऊ लागल्या. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, नंद कुमार शिक्षण सचिव होते, आणि कुमठ्याचं नाव प्रत्येक बैठकीत ऐकू येऊ लागलं.

गाड्यांनी जाऊन आलेल्यांनी काय आणलं? बहुतेकांनी फरशीवरची चित्रं आणली. मुळाक्षरांची वर्तुळं, शंभरापर्यंतचे चौकोन, रंगीत तक्ते. वर्षभरात गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या, लोकवर्गणी जमली, उद्घाटनं झाली. रंगाला माझा विरोध नाही, मळकट खोलीपेक्षा ती बरी. पण कुमठ्याच्या फरशीवर जे होतं ते तिथल्या शिक्षकांच्या अनेक महिन्यांच्या वादावादीतून उतरलं होतं. इतरत्र उत्तर पोचलं, वादावादी पोचली नाही. आदेशाने पसरवायला गेलं की असंच होतं, कारण आदेशात चित्राचं माप लिहिता येतं.

नगर जिल्ह्याने यावर आपला मार्ग काढला, आणि तो आदेशाबाहेरचा होता. अकोले तालुक्यातले शिक्षक आणि लेखक भाऊसाहेब चासकर, कर्जत तालुक्यातल्या बंडगरवस्ती शाळेचे विक्रम अडसूळ आणि त्यांचे सोबती यांनी ‘ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’, म्हणजे कृतिशील शिक्षकांचं एक मोकळं व्यासपीठ उभं केलं. वर्गातलं लिहायचं, एकमेकांना वाचायला द्यायचं, भेटायचं. बंडगरवस्ती हे नावच सांगतं की ही शाळा कुठल्या प्रकारची, दोन खोल्यांची. श्रीगोंद्याच्या शेजारच्याच तालुक्यातली. अडसूळ यांना २०१८ मध्ये राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी नगर जिल्ह्यातल्याच गोपाळवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नारायण मंगलारम यांना तोच पुरस्कार मिळाला. ५ सप्टेंबर २०२० ला देशभरातल्या ४७ शिक्षकांना राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी तो दूरदृश्य पद्धतीने दिला, कारण कोरोना होता आणि दिल्लीला जाणं शक्य नव्हतं. एकाच जिल्ह्यातल्या वाडी-वस्तीच्या दोन शाळांना दोन वर्षांच्या अंतराने हा मान मिळाला, हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

मात्र या पुरस्काराची घडण बघा. २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा असतो. त्यात मी काय केलं, माझ्या वर्गात काय बदललं, माझे व्हिडिओ कुठले. जिल्हा निवडतो, राज्य निवडतं, दिल्ली निवडते, आणि शेवटी एक नाव उरतं. कुमठ्यासारखं चाळीस शाळांचं काम या अर्जात बसवायचं तर कुणा एकाला बाकीच्यांना वगळूनच लिहावं लागेल. पुरस्कारानंतर त्या शिक्षकाकडे बघण्याची गावाची नजर बदलते, आणि शेजारच्या शिक्षकाचीही. कौतुकाबरोबर ‘ते त्यांचं वेगळं आहे’ असं एक वाक्य येतं आणि शिकण्याची वाट तिथेच बंद होते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं, तेव्हा त्यांनी दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. त्याची बातमी दानशूरपणाची झाली. मला त्यात पुरस्काराच्या रचनेवरचा शेरा दिसतो.

बाकी शिक्षकांनी एकमेकांशी लिहून बोलावं, ही सोय मोबाइलने आणलेली नाही. १८६१ मध्ये ‘मराठी शालापत्रक’ निघालं ते मास्तरांसाठीच. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर, दोघांनीही ते चालवलं, आणि शिक्षण विभागाचं ‘जीवन शिक्षण’ मासिक आपली वंशावळ तिथपर्यंत नेतं. कोरोनाच्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत राज्याने अभ्यासमाला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा ज्यांच्या पालकांकडे साधा फोन होता अशा मुलांचं काय करायचं हे गुरुजींनी एकमेकांकडूनच शिकून घेतलं. देवळाच्या ओट्यावर चार-चार मुलं, घरोघर कार्यपत्रिका, शेजारच्या शाळेने केलेली चाचणी आपल्या गटात. त्या दोन वर्षांत गटांवर खरोखर वर्गाचं बोललं गेलं. शाळा उघडल्या तशा गटांवर पुन्हा सूचना आल्या, मग फक्त ‘अॅडमिन’च लिहू शकेल अशी सोय झाली. सुप्रभातचे फुलं-पक्षी थांबले हा त्यातला एक फायदा.

जमलेलं मोडायला आपल्याकडे आणखी एक यंत्र आहे, बदल्यांचं. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने प्राथमिक शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या संगणकाकडे गेल्या. सोपं क्षेत्र, अवघड क्षेत्र, विशेष संवर्ग भाग एक, भाग दोन, बदली हक्कप्राप्त, बदलीपात्र. वशिल्याचा बाजार उठला, हा त्याचा मोठा गुण आणि तो कमी लेखू नये. पण संगणकाला कोण कुठल्या शाळेत आहे एवढंच कळतं. या केंद्रातल्या सहा शाळांचे शिक्षक तीन वर्षं मिळून वाचन शिकवण्याचं काही करत आहेत, हे त्याच्या कुठल्याच रकान्यात नाही. हक्कप्राप्त शिक्षकाने शाळा मागितली की तिथल्याला खो बसतो, त्याने तिसऱ्याला द्यायचा. एका उन्हाळ्यात अख्खं केंद्र नवं होऊन बसतं. मग पुन्हा परिषदेत ओळखपरेड.

ही परिषद सुधारायची तर आणखी एक परिपत्रक काढण्यात अर्थ नाही, हे इथवर वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. दोन शिक्षकी शाळेतला माणूस दुसऱ्याचा तास बघायला गेला तर त्याचे दोन वर्ग कोण सांभाळणार, हा खरा प्रश्न आहे, आणि तो हालचाल रजिस्टरच्या पातळीवरचा आहे. त्या रजिस्टरात बैठक, प्रशिक्षण, टपाल, निवडणूक ही कारणं चालतात. ‘अमुक मळ्याच्या शाळेत वजाबाकीचा तास पाहण्यासाठी’ असं लिहिलं तर केंद्रप्रमुखांना सही करायला हरकत नसावी, पण वस्तीवरचे पालक विचारणार, आज एकच गुरुजी कसे? मार्च २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. सकाळची शाळा, पुस्तकाबाहेरचे उपक्रम. शेजारच्या दोन वस्त्यांच्या शाळांनी महिन्यातला एक शनिवार एकत्र भरवला, तर चार शिक्षकांपैकी एकाने शिकवायचं, एकाने पाहायचं आणि दोघांनी बाकीची मुलं खेळवायची, एवढं जमू शकतं. चार किलोमीटर मुलं आणायची कशी, याचं उत्तर गावच्या पिकअपवाल्याकडे असतं.

श्रीगोंद्यात याची निकड दिवाळीनंतर लगेच भासते. नागवडे आणि कुकडी कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले की तोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात वस्तीवरच्या शाळेच्या दारात बीडकडची तीन-चार मुलं उभी राहतात. त्यांच्याजवळ शिक्षण हमी पत्रक असलं तर इयत्ता कळते. तिसरीत आहे, ठीक. पण वाचताना कुठे अडतं, गठ्ठा सोडता येतो की पाटीवर अजून ३५ च लिहितं, हे त्या मुलाच्या गावच्या बाईंना माहीत असतं. मार्च-एप्रिलमध्ये ते मूल परत जाईल तेव्हा इथल्या गुरुजींना माहीत असेल. दोघांचे जिल्हे वेगळे, केंद्रं वेगळी, बँका वेगळ्या, मोबाइलवरचे गट वेगळे. कुठल्याही परिषदेच्या यादीत ही दोन माणसं एकत्र येत नाहीत. काही शिक्षक मुलाच्या बापाकडून नंबर घेऊन तिकडे फोन लावतात. त्या फोनची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही, पण मुलाला पहिल्या दिवशी कुठल्या पाटावर बसवायचं आणि पाटीवर आधी काय लिहून द्यायचं, ते त्या पाच मिनिटांत ठरतं.